हातापाशी ब्रेक

ट्रायथलॉनची जुनी सायकल मी विकत घेऊन घरी आणली, तेव्हा वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, "हिचा ब्रेक कुठे आहे?" पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षे सायकलवरून पाळ्या केलेल्या माणसाचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला.

वास्तविक प्रश्न रास्त होता. या सायकलच्या हँडलमधून दोन दांड्या पुढे निघतात. कोपरे गादीवर टेकवून, त्या धरून ओणवे व्हायचे. गिअर त्या दांड्यांच्या टोकाशी. ब्रेक मात्र दूर, आडव्या हँडलवर. हेतू एकच, वारा कापणे. १९८९च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनमधून आलेल्या अशाच दांड्या लावून अखेरच्या टप्प्यात लॉराँ फिन्योंला मागे टाकले आणि शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. अर्थात तो टप्पा एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध धावण्याचा होता आणि रस्ता त्यासाठी मोकळा केलेला होता.

चाकणचा रस्ता कोणी कोणासाठी मोकळा करत नाही. एका पहाटे मोशी ओलांडून जात असताना पुढचा कंटेनर अचानक डावीकडच्या फाटकाकडे वळला. माझी बोटे गिअरवर होती. ती ब्रेकपर्यंत पोचायला किती वेळ लागला, हे मला अजूनही मोजता येत नाही. कंटेनरच्या मागल्या चाकापासून हातभर अंतरावर मी थांबलो. घरी काहीच बोललो नाही. त्याच आठवड्यात सायकल भोसरीतल्या एका मेकॅनिककडे नेली.

त्याने दांड्या उतरवल्या, टोके खाली वळलेले हँडल बसवले, ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत देणारे लिव्हर लावले, केबल नव्याने ओढल्या. इथवर प्रश्न पैशांचा होता. पुढे तो भूमितीचा झाला. रोड-सायकलची सीटखालची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते, माझ्या सायकलची ७८ अंशांचा. पेडलच्या आसापासून पाऊण मीटर उंच असलेली सीट या ५ अंशांमुळे सुमारे साडेसहा सेंटिमीटर पुढे येते. ती मागे सरकवावी, तर हँडल लांब पडते; हँडल जवळ आणण्यासाठी आखूड स्टेम लावावा, तर पुढचे चाक चंचल होते. "सीट जाईल तेवढी मागे घेतलीय, सर. पण फ्रेमचा कोन काही मला बदलता येणार नाही," तो म्हणाला.

सायकल घरी आणली. वडील बाहेर आले. त्यांनी हँडल धरले, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि माझ्याकडे न बघताच विचारले, "कुठे वाचलास?"

"मोशीच्या पुढे," मी म्हणालो.

त्यांनी आणखी काही विचारले नाही. आता रविवारी दोघा सहकाऱ्यांबरोबर देहूपर्यंत जातो. वेग थोडा कमी झाला आहे. पण शेजाऱ्याशी बोलत जाता येते. सायकल मात्र अजून किंचित पुढेच झुकते. तिचा तो मूळ स्वभाव आहे. मी बोटे ब्रेकवर ठेवतो.