पार्ल्याच्या बंगलीभोवतीची माती

विलेपार्ले पूर्वेला जुन्या मिळकतीचे कागद उघडले, की ‘टी. पी. एस.’ (टाउन प्लॅनिंग स्कीम) आणि ‘फायनल प्लॉट नंबर’ हमखास दिसतात. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याची ही खूण. या कायद्याखाली वेड्यावाकड्या शेतजमिनी आणि वाड्या एकत्र धरल्या गेल्या, त्यांतून रस्ते काढले गेले आणि उरलेली जमीन आखीव भूखंड करून मूळ मालकांना परत मिळाली. जमीन थोडी घटली, पण तिला रस्ता लागला आणि भाव आला. 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, आणि शहरात नोकरी करणाऱ्याला इथे घर बांधावंसं वाटू लागलं.

वास्तुरचनाकार म्हणून मी यांतल्या अनेक बंगल्या मोजल्या आहेत. बांधकाम साधंच: दगडी जोतं, विटांच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. माझ्या मते खरं शहाणपण घराच्या चारी बाजूंना सोडलेल्या सामासिक जागेत आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार त्या जागेत उघडायचं. मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून अळूला, अळूच्या पुढे केळीला. वळचण दोन-अडीच फूट पुढे आलेली, त्यामुळे जुलैच्या झडीतही खिडकीचं वरचं झडप उघडं ठेवता यायचं. शेजारच्या बंगलीनेही तेवढीच जागा सोडलेली असे. म्हणून दोन्ही घरांना वारा मिळे, आणि एकाच्या आंब्याची सावली दुसऱ्याच्या भिंतीवर पडे.

घरं आतून लहानच होती. एका खोलीत तिघं-चौघं झोपत. पण पार्ले टिळक विद्यालय 1921 सालचं, लोकमान्य सेवा संघ 1923 सालचा. मुलांची शाळा आणि मोठ्यांची व्याख्यानं दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. वस्ती अशी असेल तर लहान घरही पुरतं.

घराभोवती सोडलेल्या जागेचं सर्वांत मोठं काम मात्र पावसाचं. पाचशे चौरस मीटरच्या भूखंडावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर पन्नास हजार लिटर पाणी होतं. माती उघडी असेल तर त्यातलं बरंच मुरतं आणि विहिरीला लागतं. फरशी घातली की तेच पाणी थेट गटारात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढं पाणी कोणतंही अंगण पिणार नाही, पण दर पावसाळ्यातला नेहमीचा पाऊस नक्की पितं.

बंगल्या पडताहेत याचा दोष मी मालकांना देत नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि येणाऱ्या भाड्यात कौलं चाळणंही भागेना. वरच्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट हवी, प्रत्येक घराला स्वतःचं न्हाणीघर हवं; पुनर्विकास व्हायलाच हवा. अडचण वेगळीच आहे. विमानतळ शेजारी असल्याने इथे इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते, आणि वर न मावणारं बांधकाम आडवं पसरतं. मग गाड्यांसाठी तळघर जवळजवळ कुंपणापर्यंत खणलं जातं, त्याच्या छतावर दीड-दोन फूट माती टाकून लॉन लावतात. नकाशात ती मोकळी जागा दिसते, पण तिथे आंबा रुजत नाही आणि पाणी मुरत नाही.

सोसायटीच्या सभांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाड्यावर महिनोन् महिने घासाघीस चालते. मातीचा विषय निघतच नाही. तुमची इमारत पुनर्विकासाला जात असेल, तर करारात एक कलम आग्रहाने घालून घ्या: निदान एका बाजूच्या सामासिक जागेखाली तळघर येणार नाही, तिथे फरशी होणार नाही आणि जुनी विहीर बुजवली जाणार नाही. सही होण्याआधी हे मागा. तळघर खणून झाल्यावर ती माती परत मिळत नाही.