बादलीभर समुद्र

लग्नाला दोन वर्षं होत आली तरी आमची एक 'प्रॉपर' बीच ट्रिप बाकी होती. लग्नानंतर लगेच माझा रिलीज, पहिल्या अ‍ॅनिव्हर्सरीला तिच्या ऑफिसात ऑडिट. शेवटी गेल्या जानेवारीत दोघांनीही आपापल्या मॅनेजरला "तिथे रेंज नसते हो" अशी थाप मारली आणि शुक्रवारी पहाटे पाचला हिंजवडीतून गाडी काढली. मुक्काम पोस्ट तारकर्ली.

बायको दादरची. समुद्र म्हणजे तिच्या लेखी संध्याकाळी चक्कर मारायची जागा. मी धाराशिव जिल्ह्यातला, तेरजवळच्या एका गावचा. (माझ्या मार्कशीटवर अजून उस्मानाबादच आहे.) आमच्याकडून समुद्र गाठायचा तर आधी अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. मी तो पहिल्यांदा पाहिला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली. कंपनी कुठली होती ते आता आठवत नाही, समुद्र आठवतो.

सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. मग राधानगरीवरून फोंडा घाट. घाटात हिने नेहमीचा टोमणा मारला, "तुमच्या गावाचा आणि समुद्राचा संबंध काय रे?"

आता हा प्रश्न तेरच्या माणसाला विचारू नये. मी गिअर बदलला आणि सुरू झालो. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्यात तगर आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून मलमल आणि साधं कापड बैलगाड्यांनी, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायचं आणि पुढे जहाजातून परदेशी. तेरला लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे, तिथे त्या काळातल्या वस्तू बघायला मिळतात.

"म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तुमचा माल समुद्रावर पोचत होता, आणि तुला पोचायला सेकंड इयर उजाडावं लागलं."

यावर काय बोलणार? गाडी चालवली.

तारकर्ली फोटोत दिसते तशीच आहे. पांढरी वाळू, सुरूची झाडं, बाजूला कर्ली नदीची खाडी. रूमवर सामान टाकलं आणि मी आंघोळीला गेलो. गरम पाणी यायला वेळ लागत होता, म्हणून सवयीने शॉवरखाली बादली सरकवली. तेवढं गार पाणी कशाला वाया घालवा? बाहेर येऊन तीच बादली तिला दिली, "वाळूचे पाय धुवायला होईल."

ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"पन्नास पावलांवर अरबी समुद्र आहे. आपण पैसे भरून आलोय. इथेही बादली?"

"ते खारं आहे."

"मुद्दा तो नाहीये."

मुद्दा तो नव्हताच, हे मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. प्रवासातून आलेली ती, मोकळेपणाने न्हायली. वापरायच्या पाण्याचं बॅरल संपलं. नळ यायला अजून सहा दिवस होते. आई एक शब्द बोलली नाही. बोललो मी. चुलत्यांसमोर, "हे मुंबई नाहीये" असं. तेव्हापासून ती गावी गेली की दोन तांब्यांत आंघोळ करते. मी ते पाहिलं होतं आणि 'चला, अ‍ॅडजस्ट झाली' असं समजून खूश होतो. बग रिपोर्टच आला नाही म्हणजे कोड बरोबर, त्यातला प्रकार!

त्या रात्री फार बोलणं झालं नाही. लाटांचा आवाज मात्र बंद होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं. तटबंदी, बुरूज वगैरे सगळे बघतातच. मी अडकलो तो विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये या तीन गोड्या विहिरी. बेटांवर असं होतं म्हणे. मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर थरासारखं राहतं. पण जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणजे समुद्रात राहूनसुद्धा पाणी मोजूनच काढायचं.

हे मी तिला सांगितलं आणि मग बाकीचंही सांगत गेलो. 2013 चा दुष्काळ, तेव्हा मी शाळेत होतो आणि टँकर आला की वर्गातून पळायचो. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. आमच्या घरी त्याच उन्हाळ्यात भाजी धुतलेल्या पाण्याने भांडी आणि भांड्यांच्या पाण्याने तुळस. वाहता नळ दिसला की माझ्या पोटात अजून काहीतरी होतं.

"हे तू मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "नुसतं ओरडलास."

खरं होतं. बादली ही माझी सवय, तिची काही चूक नव्हती. चुलत्यांसमोर जे बोललो त्याबद्दल मी तिथे, दूधबावीच्या काठावर, सॉरी म्हटलं. दीड वर्ष उशिरा. ती लगेच विरघळली वगैरे नाही. "गावी गेल्यावर हेच चुलत्यांसमोर म्हण," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलंय. (पाडव्याला जायचंय. पोटात आत्तापासून गोळा आहे.)

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने समुद्र कधीच पाहिलेला नाही. हिने फोन लाटांकडे फिरवला. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "रातचंबी थांबत न्हाई व्हय हे?"

"नाही थांबत, आई."

"आन् एवढं असून प्यायला येत न्हाई." परत गप्प. "बघायला पायजे एकदा."

"चला ना आई, मी येते तुम्हाला न्यायला," ही म्हणाली. मला न विचारता.

तर मंडळी, आता पुढची ट्रिप तिघांची. आईची अट एकच आहे: घरी नळ यायचा असेल त्या दिवशी निघायचं नाही.