पाचपैकी पाच

पुणे, २२ सप्टेंबर २०२५

चि. निखिल,

'पाचपैकी पाच. मामा, लीग संपली, पेढे आणा,' हा तुझा निरोप शनिवारपासून मनातून जात नाही. लिव्हरपूलने एव्हर्टनला हरवल्याचा आनंद मलाही आहे. तो हवा तितका साजरा कर. पण 'लीग संपली' हे तू लिहावंस? लिव्हरपूलच्या इस्तंबूलमधल्या त्या अंतिम सामन्यातला मध्यंतराचा स्कोअर ज्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो, त्याने ३३ सामने शिल्लक असताना निकाल लावून मोकळं व्हावं, हे मला पटलं नाही. आणि त्यातलं शेवटचं वाक्य, 'आता सलाह नसला तरी चालेल,' ते तर तू रागात लिहिलंस की खुशीत, हेच कळेना. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

गुणतक्ता खोटं बोलत नाही. लिव्हरपूलचे १५ गुण, मागच्यांचे १०. पण सप्टेंबरातला गुणतक्ता फार थोडं सांगतो, आणि जे सांगत नाही ते सामन्यात दिसतं. गेल्या वर्षीचे पहिले पाच सामने आठव. गुण १२ होते, कारण फॉरेस्टने आपल्याच अ‍ॅनफिल्डवर येऊन १-० ने हरवलं होतं. त्या रात्री तू प्रशिक्षक स्लॉटबद्दल काय लिहिलं होतंस ते मी इथे काढत नाही. पण त्या पाच सामन्यांत आपण गोल किती खाल्ले? एक, तोच. यंदा गुण तीन जास्त आणि खाल्लेले गोल पाच. तेही कसे बघ. बोर्नमथविरुद्ध २-० होतं, ते २-२ झालं. न्यूकॅसलविरुद्ध २-० होतं, समोर दहाच खेळाडू होते, तेही २-२ झालं. परवा युरोपात अ‍ॅटलेटिकोविरुद्ध सहा मिनिटांत २-० केलं आणि पुन्हा २-२. तिन्ही सामने आपण जिंकलो हे खरंच. पण साधारण महिनाभरात तीनदा दोन गोलांची आघाडी हातची जाते, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. अलेक्झांडर-आर्नल्ड माद्रिदला गेला. बचावफळीच्या दोन्ही बाजूंना नवी माणसं आहेत, आणि ती पुढे धावली की मागे राहणारी जागा कोणी भरायची हे अजून ठरलेलं दिसत नाही. बर्नलीविरुद्ध उलटी अडचण. दहा जणांचा बचाव फोडायला ९५व्या मिनिटाची पेनल्टी लागली. ती मारली कोणी? सलाहने.

तू म्हणशील, शेवटच्या मिनिटाला जिंकणं हीच विजेत्यांची खूण. यात तथ्य आहे. न्यूकॅसलला १००व्या मिनिटाला सलाहचा पास आला, सोबोस्लायने चेंडूला पाय न लावता तो तसाच पुढे जाऊ दिला आणि मागून आलेल्या सोळा वर्षांच्या रिओ न्गुमोहाने थंड डोक्याने गोल केला. थकलेल्या पायांनी एवढा विचार करणं सोपं नाही, आणि आर्सेनलविरुद्धची सोबोस्लायची ती फ्री किक तर मी विसरणार नाही. पण दम आणि हिंमत हे गुण वेगळे, सामना ताब्यात ठेवणं वेगळं. २००५-०६ला चेल्सीने पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले आणि विजेतेपदही घेतलं, हे उदाहरण तू मला देणारच. पण त्यांनी पहिल्या सहा सामन्यांत एकही गोल खाल्ला नव्हता. २०१९-२०चे आपले पहिले आठ विजयही खरे, पण तो संघ नुकताच युरोपचा विजेता झालेला, जमलेला, जवळजवळ जसाच्या तसा खेळणारा होता. यंदाचा संघ निम्मा नवा आहे. विर्ट्झचा लीगमध्ये अजून एक गोल नाही की गोलसाठीचा पास नाही. इसाक हंगामाची तयारी न करताच १ सप्टेंबरला आला. एवढी मोठी रक्कम मोजली म्हणून माणसं एकमेकांना लगेच ओळखू लागत नाहीत. मिळालेले गुण कोणी काढून घेत नाही हेही मान्य. पण टॉटनहॅमने २०२३-२४ला पहिल्या दहा सामन्यांत तीसपैकी २६ गुण मिळवले होते आणि हंगामाअखेर ते पाचवे आले.

आता मला सर्वात जास्त सांगायचंय ते. १९९०-९१ला लिव्हरपूलने पहिले आठ सामने जिंकले होते. तेव्हाही लीग संपली असंच वाटत होतं. फेब्रुवारीत संघ अव्वल असताना प्रशिक्षक केनी डॅल्ग्लिशने राजीनामा दिला आणि विजेतेपद आर्सेनलकडे गेलं. हिल्सबरोच्या दुर्घटनेला दोन वर्षंही झाली नव्हती. गेलेल्यांच्या अंत्यविधींना तो जात राहिला, घरच्यांना धीर देत राहिला, आणि ते ओझं त्याच्या अंगावर किती चढलं होतं हे गुणतक्त्याच्या कुठल्या रकान्यात दिसणार होतं? म्हणून मला आजच्या पोरांची काळजी वाटते. आपला दिओगो जोटा ३ जुलैला गेला. अठ्ठावीस वर्षांचा, लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते, सोबत भाऊही गेला. त्याच्या २० नंबरसाठी सामन्याच्या २०व्या मिनिटाला अजून गाणं म्हटलं जातं आणि ते ऐकत त्याच्या मित्रांना खेळावं लागतं. १५ ऑगस्टला सामना संपल्यावर कॉप स्टँडसमोर एकटा उभा राहून रडणारा सलाह तूही पाहिलास. त्याचा वेग कमी झालाय, बचावाला तो मागे येत नाही, हे तुझं निरीक्षण चूक नाही. स्लॉटने त्याला एखाद्या सामन्यात बाहेर बसवलं तर मी तक्रार करणार नाही. पण आठ वर्षं ज्याने आपल्याला दिलं, त्याला पाच सामन्यांवरून निकालात काढायचं, तेही या उन्हाळ्यानंतर? निखिल, हे तुला शोभत नाही. दु:ख कधी पायात उतरेल याची तारीख कोणाला माहीत नसते, आणि ते उतरलं तर सगळ्यात आधी तुझ्यासारखेच लोक 'विका याला' म्हणतील, याची मला धास्ती आहे.

तुझ्या जागरणाचंही आईकडून कळलं. रात्री साडेबाराचा सामना अडीचला संपवून सकाळची शिफ्ट करायची, हे दर आठवड्याला जमणार नाही. युरोपातले सामने सकाळी उठून बघ, निकाल कळला तरी खेळ तोच राहतो.

येत्या शनिवारचा सामना मात्र संध्याकाळीच आहे, क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर. ऑगस्टमध्ये कम्युनिटी शील्ड त्यांनीच पेनल्टींवर आपल्याकडून नेली, लीगमध्ये ते अजून एकदाही हरलेले नाहीत, आणि ज्याला आणायचं खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी फिसकटलं तो गुएही त्यांच्याच बचावात उभा असणार. हरलो तर त्या रात्री मला काही लिहू नकोस, आणि जिंकलो तरी आपण गोल किती खाल्ले ते आधी लिही. पेढे मे महिन्यात.

तुझा
मामा