आपल्याच पेशी, आपलाच गुडघा

कोल्हापूरच्या तालीम मंडळांचे फुटबॉल सामने पाहत तो वाढला. नोकरीसाठी बंगळुरूला आल्यावर सर्जापूर रोडवरील भाड्याच्या टर्फवर दर शनिवारी रात्री खेळू लागला. एकदा चेंडूमागे वळताना गुडघा पिरगळला. एमआरआयमध्ये सांध्याच्या कूर्चेला पडलेला खड्डा दिसला.

मग एक सल्ला मिळाला: कमरेच्या हाडातील मज्जा काढून तिच्यातील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, गुडघ्यात टोचून घ्याव्यात. 'पेशी आपल्याच, मग शंका कसली?' हा युक्तिवाद त्याला पटला. पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली. तरी निर्णयापूर्वी त्याने वाचायचे ठरवले.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती त्वचेवरील जखमेसारखी भरून येत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद रिचर्ड स्टेडमन यांनी कूर्चेखालील हाडाला बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत विकसित केली. मज्जेतील रक्त आणि पेशी वर येतात, गुठळी जमते आणि खड्डा भरतो. मात्र तयार होते ती बहुतांशी तंतुमय कूर्चा. मूळ कूर्चेइतकी ती टिकत नाही.

मज्जेतील दहा हजार एककेंद्रकी पेशींमागे अशी मूलपेशी जेमतेम एक असते. १९९१मध्ये या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव देणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७मध्ये ते बदलण्याचा आग्रह धरला. त्यांच्या मते या पेशी स्वतः नवे ऊतक बांधत नाहीत. द्रव्ये स्रवून आसपासच्या पेशींना दुरुस्तीचे संकेत देतात. त्या गवंडी नव्हेत, मुकादम आहेत.

भारताच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील मज्जा-प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर प्रायोगिक ठरवला आणि तो मंजूर चाचणीपुरता मर्यादित केला. बंगळुरूच्याच स्टेमप्युटिक्सने गुडघ्याच्या संधिवातासाठी विकसित केलेल्या उत्पादनाला २०२२मध्ये परवानगी मिळाली, ती चाचण्यांचे टप्पे पार केल्यावर. त्यातील पेशी तर रुग्णाच्या स्वतःच्या नसून दात्यांच्या आहेत. विश्वास ठेवण्याचे कारण पेशींचे 'आपलेपण' नव्हे, त्यांची पारख हे आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

पुढच्या भेटीत त्याने एकच प्रश्न विचारला: "हा उपचार कोणत्या मंजूर चाचणीचा भाग आहे?" उत्तरादाखल त्याच्या हाती सवलतीचे पत्रक पडले.

त्याने ते घडी करून खिशात ठेवले आणि फिजिओथेरपीची वेळ ठरवली. शनिवारी टर्फचे दिवे लागतात, तेव्हा तो आता खोलीत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मोजत असतो. मैदान अजून दूर आहे. पण वाट त्याने स्वतः पारखून घेतली आहे.