झिजणारी कल्हई

कल्हई वर्षभरात उडते, म्हणून ती कच्ची, असा आक्षेप आमच्या कामावर नेहमी घेतला जातो. मला तो मुळातच पटत नाही. तांब्या-पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवलं की आंबटपणा तांबं खातो आणि पदार्थ कळकतो. मधे कथिलाचा थर असला की आंबटाची गाठ आधी कथिलाशी पडते. तो थर कणाकणानं झिजतो, खालचं भांडं मात्र शाबूत राहतं. झिजणं हेच त्याचं काम आहे. लोखंडावरचं जस्तही असंच स्वतः आधी गंजतं आणि पत्र्याला वाचवतं. त्याला कुणी कच्चं म्हणत नाही.

आता हा थर पुन्हा पुन्हा देता येतो, याचं कारण तो देण्याच्या रीतीत आहे. भांडं घासून उजळ केलं आणि भाता मारून तापवलं, की नवसागराची पूड टाकून कापसाचा बोळा फिरवायचा. पांढरा धूर उठतो. पाहणाऱ्यांची नजर त्यानंतरच्या चांदीसारख्या झळाळीवर असते, पण खरी कारागिरी त्या धुरात आहे. उष्णतेनं नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन भाग होतात आणि ते आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा उतरवतं. मग 232 अंश सेल्सिअसला वितळणारं कथील उघड्या तांब्याला भिडतं आणि दोघांच्या सीमेवर तांबं-कथिलाचं संयुग तयार होतं. म्हणून नीट बसलेल्या कल्हईचे रंगासारखे पोपडे निघत नाहीत. जिथे नवसागर पोचला नाही, तिथे कथील धरतच नाही, थेंब होऊन पळतं. असल्या जागी कथील जास्त ओतून काही साधत नाही; पुन्हा साफच करावं लागतं.

स्टील असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. रोजच्या घाईला स्टील सोयीचं, हे मान्य. पण तांबं स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून अधिक चांगली उष्णता वाहून नेतं. मंद आचेवरची खीर त्यात एका जागी करपत नाही. मात्र कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये, त्यात तळण करू नये. 232 अंश ही मर्यादा भट्टीवर आहे तशी चुलीवरही आहेच.

शिशाचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यावर मला कसलीही सबब मान्य नाही. शिसं स्वस्त, शिवाय मिश्रण कथिलापेक्षाही कमी उष्णतेला वितळतं, त्यामुळे भेसळीचा मोह होतो. पण ते विष अन्नात उतरतं. दोष इथे कल्हईचा नाही, भेसळीचा आहे. शुद्ध कथिलाची कांडी वाकवली तर कुरकुरते. शिसं वाढेल तसा तो आवाज मरतो. गिऱ्हाइकानं कांडी वाकवून दाखवायला सांगितलं, तर चांगल्या कारागिराला त्यात अपमान वाटत नाही.