अक्षता पडल्यानंतर

तळोजे म्हटले की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो, नाहीतर औद्योगिक वसाहतीतला धूर. आम्हां गावकऱ्यांना मात्र पहाटेची अजान आणि काकड्याचे टाळ आठवतात. आगरी आणि कोकणी मुसलमान येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. हळदीच्या रात्री धवलारीण धवले गाऊ लागली की शेजारची चाची आमच्या ओट्यावर येऊन बसते. तिच्याकडच्या निकाहाला आई जाते. लग्न लावायला असा सारा गाव हजर असतो. मात्र ते टिकवायला कोण असते, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो माझ्या ताईमुळे.

ताईच्या हळदीसाठी बाबांनी कर्ज काढले होते. तिच्या सासरीही तेच झाले. भाऊजी कारखान्यात कंत्राटी कामगार. हप्ते थकले, त्यांनी बाटली जवळ केली आणि एका रात्री ताईवर हात टाकला. दीड वर्षाच्या मुलाला घेऊन ताई माहेरी आली. आठ दिवस गेले नाहीत तोच आईने "लोक काय म्हणतील?" असे सुरू केले.

बाबांनी गावातल्या माळकरी बुवांना बोलावले. बुवा येताना शेजारच्या चाचांनाही घेऊन आले. चाचा जमातीतले जाणते गृहस्थ. ते म्हणाले, "नवराबायकोत फाटले तर त्याच्या घरचा एक आणि तिच्या घरचा एक, असे दोन मध्यस्थ नेमावेत असे आमच्या कुराणात आहे. मी तिच्या घरचा." हे ऐकून बाबांचे डोळे भरून आले. पण खरे सांगायचे तर दोघेही वडीलधारे ताईची समजूत घालून तिला परत पाठवण्याच्याच विचारात होते. तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, "मना कोनी इचारला का?"

कोणी काही बोलेना. शेवटी चाची उठली, ताईला हाताला धरून बाहेर घेऊन आली आणि बैठकीत बसवली. "निकाहाच्या वेळी मुलीची कबुली घेता ना? मग आता तिला का विचारत नाही?" असे तिने चाचांना सर्वांदेखत विचारले.

ताईने तीन अटी सांगितल्या. दारू बंद; पगाराचा आणि कर्जाचा हिशेब दोघांनी मिळून करायचा; आणि पुन्हा हात उठला तर ती पोलिसांत जाईल, तेव्हा तिला कोणी अडवायचे नाही. बुवा आणि चाचा या अटी घेऊन तिच्या सासरी गेले. भाऊजी पहिल्या दिवशी दारातूनच निघून गेले. पुढे चार महिने या दोघांच्या फेऱ्या चालू होत्या. बुवांनी भाऊजींना हरिनाम सप्ताहात आपल्या शेजारी बसवले. चाचांनी सावकाराशी बोलून हप्ते लांबवून घेतले. त्यानंतर ताई गेली, ती स्वतः ठरवून.

कॉलेजात आल्यावर मी जोतीराव फुल्यांविषयी वाचले. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. त्यात भटजी नव्हता, बडेजाव नव्हता. हमीद दलवाई यांनी 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा नावात तोच शब्द घेतला. तोंडी तलाकाने स्त्रीवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध ते लढले. त्या रात्री आमच्या ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणी हे वाचले नव्हते. पण स्त्रीला विचारल्यावाचून तिच्या संसाराचा निर्णय करू नये, एवढे त्यांना चाचीने शिकवले.

दोन धर्मांची माणसे एकत्र आली म्हणजे संसार सावरतोच असे नाही. "सहन कर" हा उपदेशही ती एकमुखाने करू शकतात, आणि त्या रात्री ती तो करणारच होती. ताईचे सारे आलबेल आहे असेही मी म्हणणार नाही. मात्र चाची दर शुक्रवारी तिला फोन करते. "कशी आहेस?" एवढेच विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.