कार्बोरेटरची कैफियत

जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन कुरकुरू लागले की पहिला आरोप कार्बोरेटरवर येतो, आणि बहुधा तो निराधार ठरतो. कारण टायमिंग ढळले असता, पॉइंटांतील अंतर बिघडले असता किंवा कार्बोरेटरच्या बैठकीखालील गॅस्केटातून चोरटी हवा आत शिरत असता जी लक्षणे दिसतात, ती सारी त्या बिचाऱ्याच्याच खाती जमा होतात. म्हणून इतर सर्वांची रीतसर जबानी घेतल्याखेरीज मी पाना हाती धरीत नाही.

बारामती-इंदापूरकडच्या बहुतेक जीपमालकांनी पेट्रोलच्या भावाला कंटाळून डिझेल इंजिने बसवून घेतली. तो व्यवहार शहाणपणाचा होता, हे मी नाकारीत नाही. तथापि महिंद्राच्या सीजे-3बी जीपमधले मूळचे ‘हरिकेन’ इंजिन ज्याने एकदा नीट लावून पाहिले, त्याला डिझेलची धडधड रुचणे कठीण. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, आणि हवा-पेट्रोलाची वाट हेडमध्येच ओतलेली असल्यामुळे कार्बोरेटर तापलेल्या लोखंडावर बसतो, व इकडच्या वैशाखात वाडग्यातले पेट्रोल अक्षरशः उकळू लागते. त्यात उसाच्या गाड्यांनी भुगा केलेल्या रस्त्यांची धूळ! तेलातून हवा गाळणारा जुना एअर क्लीनर वेळच्या वेळी साफ केला नाही, तर ही धूळ थ्रॉटलचा शाफ्ट झिजवते, आणि झिजलेल्या शाफ्टाच्या भोकातून हवा शिरू लागली की स्क्रू कितीही फिरवले तरी इंजिन स्थिर राहत नाही.

अमेरिकेत या इंजिनावर ‘कार्टर’ असे. आपल्याकडे ‘सोलेक्स’ रुळला. नवा आणला तरी तो उघडल्यावाचून बसवू नये. जेटवरचा आकडा वाचावा (125 म्हणजे 1.25 मिलिमीटरचे छिद्र), फ्लोटची पातळी व नीडल व्हॉल्व्हची बैठक पाहावी, आणि पॅडल पूर्ण दाबले असता बटरफ्लाय खरोखर पूर्ण उघडतो की नाही याची खात्री करावी, मंद पिकअपच्या कित्येक तक्रारींचे मूळ लिंकेजच्या आखूड दांडीतच सापडते. मग इंजिन पूर्ण तापवून, चोक उघडा ठेवून मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत बसवावा (जोर केल्यास टोकाला खाच पडते), दीड फेरा बाहेर घ्यावा, आणि तेथून पाव-पाव फेऱ्याने मागेपुढे करीत इंजिनाचा स्वर सर्वांत भरीव लागेल तेथे थांबावे. खरी परीक्षा मात्र भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी या रस्त्यावर, आणि पुढे उजनीच्या पाणलोटाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर: चढावर भर ओझ्याखाली गाडी ओढीत असताना एकदम इंजिन बंद करून प्लग काढावा. टोक काजळले असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, विटकरी असेल तर काम फत्ते.

अलीकडे या साऱ्या हिशेबात एक नवा वाटेकरी आला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसापासून इथेनॉल निघते, ते पेट्रोलात मिसळते, आणि 2025 साली हे प्रमाण देशात वीस टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा पुरते. या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. अर्थात जुन्या पुस्तकातल्या जेटवर इंजिन उपाशी राहते, तापते, आणि मालक पुन्हा कार्बोरेटरलाच दोष देतो. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते आणि जुने रबर फुगवते, त्यामुळे उभ्या असलेल्या गाडीत बिघाड लवकर शिरतो. माझ्या मते मुख्य जेट एक आकडा मोठा घ्यावा, पेट्रोलची नळी व डायफ्राम इथेनॉल सोसणारे घालावेत, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जीपची टाकी व वाडगा रिकामे करून ठेवावेत.

ज्यांच्या गोठ्याशेजारी अशी जीप अजून उभी असेल, त्यांना एकच विनंती: मूळचा कार्बोरेटर भंगारात घालू नका. शाफ्टाला नवी बुशे बसवून तो पुन्हा उभा राहतो, आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांपेक्षा चांगला चालतो.